औषध एकही नव्हतं, तरीही या डॉक्टरने जर्मनीच्या ताटातला जंत हटवला

शिरूर असो की दौंड, थंडीत बाजारात कोबी-फ्लॉवरचे ढीग लागले की घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. कोबी खाऊ नका, त्यातला किडा थेट मेंदूत जातो. सोबत मेंदूच्या स्कॅनचा एखादा भीतीदायक फोटो. मग कुणाच्या घरी महिनाभर कोबी येत नाही, तर कुणी हसून तोच मेसेज पुढच्या ग्रुपवर ढकलतं.

या मेसेजमध्ये थोडं खरं आहे आणि बरंचसं चुकीचं आहे. ते शेवटी बघूच. पण त्याआधी मुळातला प्रश्न. खाण्यातून जंत पोटात जात असेल तर माणसाने करायचं काय? खाणंच सोडायचं? की औषध निघेपर्यंत वाट बघायची?

साधारण १६० वर्षांपूर्वी जर्मनीत हाच प्रश्न लोकांच्या जिवावर बेतला होता. तिथे जंत कोबीत नव्हता, डुकराच्या मांसात होता. गावंच्या गावं आजारी पडत होती आणि डॉक्टरांच्या पेटीत त्यावर एकही औषध नव्हतं. तरीसुद्धा तो जंत आटोक्यात आला. त्यामागे अनेक लोक होते, पण सगळ्यात पुढे असलेलं नाव म्हणजे रुडॉल्फ फिरखो. आपल्याकडची मेडिकलची पोरं त्यांना व्हर्चो म्हणून ओळखतात.

सॉसेजचं द्वंद्वयुद्ध

फिरखोंचं नाव निघालं की एक किस्सा हमखास सांगितला जातो.

साल १८६५. प्रशियाच्या सत्तेवर ऑटो फॉन बिस्मार्क. हेच पुढे अख्खा जर्मनी एक करणारे पोलादी चॅन्सेलर. फिरखो तेव्हा डॉक्टर आणि प्राध्यापक होतेच, पण प्रशियाच्या विधिमंडळात विरोधी पक्षाचे आमदारही होते. सैन्य आणि आरमारावरच्या खर्चावरून दोघांचं कायम वाजायचं. जूनमध्ये अशाच एका चर्चेत फिरखोंनी बिस्मार्क यांच्या खरेपणावर शंका घेतली. बिस्मार्क भडकले आणि त्यांनी थेट द्वंद्वयुद्धाचं आव्हान पाठवलं.

किस्सा असा की आव्हान आल्यामुळे शस्त्र निवडायचा हक्क फिरखोंकडे आला आणि त्यांनी दोन सॉसेज निवडले. सॉसेज म्हणजे मसाला घातलेला खिमा आतड्यात भरून केलेली वळी. दोन्ही दिसायला सारखे. एक चांगला, दुसरा जंतांनी भरलेला. बिस्मार्क यांनी कुठलाही एक उचलून खावा, उरलेला फिरखो खातील. म्हणे बिस्मार्क यांनी आव्हान मागे घेतलं.

किस्सा झकास आहे, पण त्या काळच्या कागदपत्रांत त्याला आधार सापडत नाही. आव्हान आलं होतं आणि फिरखोंनी ते नाकारलं होतं, एवढं मात्र खरं. मतभेद तलवारीने किंवा पिस्तुलाने मिटवणं त्यांना मान्य नव्हतं. सॉसेजची गोष्ट नंतर कुणीतरी जोडली असावी. पण ती लोकांना पटली, कारण त्या काळात जर्मन माणसाला सॉसेजची खरोखरच धास्ती बसली होती. आणि त्या धास्तीमागचा जंत फिरखोंनी स्वतः मायक्रोस्कोपखाली पाहिला होता.

गावच्या खजिनदाराचा मुलगा

फिरखोंचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ चा. गाव शिव्हेलबाइन. तेव्हा हे गाव प्रशियाच्या पोमेरेनिया प्रांतात होतं, आज पोलंडमध्ये आहे. वडील थोडीफार शेती करायचे आणि गावच्या नगरपालिकेचा खजिना सांभाळायचे. घरची परिस्थिती बेताचीच, पण पोरगं हुशार. आधी धर्मगुरू व्हायचा विचार होता, पण प्रवचनाला लागणारा खणखणीत आवाज आपल्याकडे नाही असं त्यांना वाटलं आणि तो विचार मागे पडला.

१८३९ मध्ये बर्लिनला सैन्यासाठी डॉक्टर घडवणाऱ्या संस्थेत त्यांना सवलतीत शिकायची संधी मिळाली. १८४३ मध्ये ते डॉक्टर झाले आणि बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात लागले. तिथे त्यांचं काम मृतदेहांची चिरफाड करून आजाराचं मूळ शोधायचं. १८४५ मध्ये, म्हणजे वयाच्या चोविशीत, त्यांनी रक्तात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढण्याच्या आजाराचं वर्णन केलं. त्याला आपण आज ल्युकेमिया म्हणतो, ते नावही त्यांचंच. शिरेत रक्ताची गुठळी कशी होते आणि ती सुटून फुफ्फुसात जाऊन कशी अडकते, हेही त्यांनीच उलगडून दाखवलं.

इथपर्यंतची गोष्ट एका हुशार शास्त्रज्ञाची आहे. त्यांचं आयुष्य वळलं ते १८४८ मध्ये.

साथ बघायला गेले, गरिबी बघून आले

त्या वर्षी प्रशियाच्या वरच्या सायलेशिया भागात टायफसची साथ आली होती. हा आपला टायफॉईड नव्हे. हा उवांमधून पसरणारा ताप. तिथले बहुतेक लोक पोलिश बोलणारे, गरीब, दुष्काळाने खंगलेले. साथीची फारच ओरड झाली तेव्हा सरकारने चौकशीसाठी माणसं पाठवली. त्यात २६ वर्षांचे फिरखो होते.

जेमतेम तीन आठवडे ते तिथे फिरले. एकेका खोलीत कोंबलेली कुटुंबं, अर्धपोटी मुलं, ना शाळा ना रस्ते, आणि लोकांची भाषाच न कळणारे अधिकारी. परत येऊन त्यांनी अहवाल दिला. सरकारला त्यात औषधांची यादी अपेक्षित असावी. फिरखोंनी लिहिलं की इथे शाळा हव्यात, त्याही लोकांच्या भाषेत. रस्ते हवेत, शेती सुधारायला हवी, करांचा बोजा कमी व्हायला हवा आणि लोकांना स्वतःचा कारभार स्वतः करता यायला हवा. साथीचं मूळ त्यांना गरिबीत आणि सरकारच्या बेपर्वाईत दिसलं.

ते बर्लिनला परतले आणि काही दिवसांतच, मार्च १८४८ मध्ये, तिथे क्रांतीचा भडका उडाला. फिरखो थेट रस्त्यावरच्या अडथळ्यांमागे उभ्या राहिलेल्या लोकांत सामील झाले. त्याच वर्षी त्यांनी वैद्यकीय सुधारणांसाठी एक साप्ताहिकही काढलं. आजार बरा करणं हे जसं डॉक्टरचं काम, तसंच आजार निर्माण करणाऱ्या परिस्थितीशी भांडणं हेही त्याचंच काम, असं त्यांचं म्हणणं होतं.

क्रांती फसली. सरकारने फिरखोंवर नोकरीची कुऱ्हाड उगारली. १८४९ मध्ये त्यांनी बर्लिन सोडलं आणि बव्हेरियातल्या व्युर्त्सबुर्ग विद्यापीठात प्राध्यापकी धरली. पुढची सात वर्षं त्यांनी राजकारण बाजूला ठेवून संशोधन केलं. १८५६ मध्ये बर्लिनला त्यांना सन्मानाने परत बोलवावं लागलं. १८५८ मध्ये त्यांच्या व्याख्यानांचं पुस्तक आलं, ज्यात त्यांनी मांडलं की प्रत्येक पेशी आधीच्या पेशीतूनच जन्मते आणि आजार म्हणजे पेशींत झालेला बिघाड. आजचं पॅथॉलॉजी त्या पायावर उभं आहे.

आणि याच सुमाराला त्यांच्या टेबलावर तो जंत आला.

मांसातले पांढरे ठिपके

या जंताची ओळख खरं तर आधीच झाली होती. १८३५ मध्ये लंडनमध्ये जेम्स पॅजेट नावाचा २१ वर्षांचा विद्यार्थी मृतदेह फाडत होता. स्नायूंमध्ये त्याला बारीक पांढरे, कडक ठिपके दिसले. त्यांच्यावर सुरीची धार बोथट व्हायची. इतरांनी ते आधी पाहिले होते, पण कुणी लक्ष दिलं नव्हतं. पॅजेटने भिंगातून पाहिलं तर प्रत्येक ठिपक्यात एक इवलीशी अळी गुंडाळी करून बसलेली. शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी तिला ट्रायकिना असं नाव दिलं.

पुढची २५ वर्षं बहुतेक डॉक्टरांना वाटत होतं की ही अळी निरुपद्रवी आहे. मेलेल्या माणसाच्या स्नायूत सापडते, जिवंतपणी त्याला काही त्रास झाला असेल असं कुणाच्या मनात आलं नाही. ती येते कुठून, हेही कळत नव्हतं. १८४६ मध्ये अमेरिकेत जोसेफ लायडी यांना तशीच अळी डुकराच्या मांसात दिसली, तरी दोन टोकं जोडली गेली नाहीत.

१८५९ मध्ये फिरखोंनी प्रयोग केला. अशा अळ्या असलेलं स्नायूचं मांस त्यांनी एका कुत्र्याला खायला घातलं. काही दिवसांनी त्याच्या आतड्यात पाहिलं तर तिथे पूर्ण वाढ झालेले जंत. म्हणजे स्नायूत झोपलेली अळी पोटात गेली की जागी होते आणि वाढते. लाइपत्सिग आणि गिसेन या शहरांशी नाव जोडलेले रुडॉल्फ लॉयकार्ट हेही याच कोड्यामागे लागले होते.

मग आला जानेवारी १८६०. ड्रेस्डेनच्या रुग्णालयात एक तरुण मोलकरीण दाखल झाली. ताप, अंगभर असह्य दुखणं. डॉक्टरांना टायफॉईड वाटला. ती दगावली. फ्रीडरिश त्सेंकर यांनी तिचं शवविच्छेदन केलं आणि स्नायूंचा तुकडा मायक्रोस्कोपखाली धरला. आत जिवंत अळ्यांची नुसती गर्दी. आतड्यात वाढ झालेले जंतही होते. त्सेंकर ती कामाला होती त्या मळ्यावर गेले. नाताळच्या आधी तिथे डुक्कर कापलं होतं. उरलेल्या मांसात आणि सॉसेजमध्ये त्याच अळ्या सापडल्या. ते मांस खाल्लेले इतर लोकही आजारी पडले होते.

त्सेंकर यांनी नमुने फिरखो आणि लॉयकार्ट यांना पाठवले. फिरखोंनी ते सशाला चारले, तो ससा मेल्यावर त्याचं मांस दुसऱ्या सशाला. प्रत्येक वेळी तोच आजार. आता शंकेला जागा उरली नाही.

हा जंत करतो काय?

डुक्कर उंदीर, उष्टं-खरकटं, मेलेली जनावरं असं काहीही खातं. त्यात ट्रायकिनाच्या अळ्या असल्या तर त्या डुकराच्या स्नायूत जाऊन बसतात. डुक्कर धडधाकट दिसतं. मांसही ताजं, लालबुंद दिसतं. वासाने किंवा नुसत्या डोळ्यांनी काही कळत नाही.

ते मांस माणसाने कच्चं किंवा अर्धकच्चं खाल्लं की पोटातल्या आम्लाने अळीचं कवच गळून पडतं. आतड्यात ती मोठी होते आणि मादी शेकड्यांनी पिल्लं सोडते. ही पिल्लं रक्तातून अंगभर जातात आणि स्नायूंत घुसतात. आधी जुलाब आणि पोटदुखी, मग ताप, डोळ्यांभोवती सूज, हात-पाय हलवता येणार नाहीत अशा वेदना. हृदयावर परिणाम झाला किंवा श्वासाचे स्नायू निकामी व्हायला लागले तर माणूस जातो. अळ्या एकदा स्नायूत पोचल्या की तेव्हाच्या डॉक्टरांकडे त्यांच्यावर काहीच इलाज नव्हता.

आणि जर्मन लोकांना कच्च्या डुकराच्या खिम्याची आवड. मीठ-मिरी लावायची आणि पावाला फासून खायचा.

१८६३ मध्ये हेटश्टेट गावात मेजवानी झाली. त्यानंतर दीडशेहून जास्त माणसं आजारी पडली, त्यातली पंचवीसच्या वर मेली. १८६५ मध्ये हेडर्सलेबन या दोनेक हजार वस्तीच्या गावात तीनशेहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे शंभर दगावले. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम गावात महिना-दीड महिन्यात शंभर तिरड्या उठल्या तर काय हलकल्लोळ होईल, विचार करा. देशभर सॉसेजचा खप कोसळला. खाटीक हवालदिल झाले.

रस्ता तोडा

आता फिरखोंचं सायलेशियात घेतलेलं शिक्षण कामाला आलं. औषध नाही, मग जंताचा रस्ता तोडायचा. रस्ता सरळ होता. डुक्कर, कत्तलखाना, दुकान, स्वयंपाकघर, तोंड. यातल्या जमेल तितक्या ठिकाणी आडवं व्हायचं.

पहिलं ठिकाण स्वयंपाकघर. १८६४ मध्ये फिरखोंनी ट्रायकिनावर एक पुस्तिका काढली, ती डॉक्टरांइतकीच सामान्य लोकांसाठीही होती. त्यात जंत कसा असतो, कुठून येतो आणि काय केल्याने मरतो हे सोप्या भाषेत होतं. मांस आतपर्यंत शिजवा, हा त्याचा गाभा. मोठा तुकडा बाहेरून शिजलेला दिसला तरी मध्ये कच्चाच राहतो आणि अळी तिथेच जिवंत राहते, हे त्यांनी समजावून सांगितलं.

पण सगळं लोकांच्या शहाणपणावर सोडून भागणार नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. पिढ्यान् पिढ्यांची खाण्याची सवय एका पुस्तिकेने सुटत नाही. म्हणून दुसरं ठिकाण कत्तलखाना. प्रत्येक डुकराच्या मांसाची मायक्रोस्कोपखाली तपासणी व्हावी, ही मागणी त्यांनी लावून धरली.

तपासणीची पद्धत साधी होती. पोट आणि छाती यांच्यामधल्या पडद्यासारख्या स्नायूंचे दाण्याएवढे तुकडे घ्यायचे, दोन जाड काचांमध्ये स्क्रूने दाबून पातळ करायचे आणि मायक्रोस्कोपखाली एकेक तुकडा बघायचा. अळी दिसली तर अख्खं जनावर बाद.

विरोध व्हायचा तो झालाच. डुक्कर बाद झालं तर खाटकाचं नुकसान कोण भरून देणार? तपासणीची फी कुणी द्यायची? एवढे मायक्रोस्कोप आणि एवढी माणसं आणायची कुठून? काही जणांनी तर हा जंत म्हणजे डॉक्टरांनी उठवलेली आवई आहे असंही म्हटलं. यातला नुकसानीचा मुद्दा खराच होता आणि त्यावर मार्गही निघाला. बाद झालेल्या डुकराचे पैसे मिळावेत म्हणून चक्क ट्रायकिनाचा विमा सुरू झाला. तपासणीसाठी डॉक्टर पुरेनात, म्हणून न्हावी, शिक्षक अशा साध्या लोकांना शिकवून परीक्षा घेऊन तपासनीस केलं गेलं. बर्लिनमध्ये या कामावर बायकाही मोठ्या संख्येने होत्या.

यात फिरखोंची राजकारणातली खुर्ची उपयोगी पडली. १८५९ पासून ते बर्लिनच्या नगरपालिकेत निवडून आलेले सदस्य होते आणि मरेपर्यंत राहिले. १८६१ मध्ये त्यांनी इतरांबरोबर जर्मन प्रगती पक्ष काढला. प्रयोगशाळेत जे सापडेल ते सभागृहात मांडायचं आणि त्याचा नियम होईपर्यंत पिच्छा सोडायचा नाही, असा त्यांचा खाक्या.

१८६८ मध्ये प्रशियात कायदा झाला आणि नगरपालिकांना सार्वजनिक कत्तलखाना बांधून तो सक्तीचा करण्याचा अधिकार मिळाला. यामुळे गल्लीबोळात, घराच्या परसात होणारी कत्तल एका जागी आली. एका जागी आली म्हणून तपासता आली. १८७० च्या दशकात ट्रायकिना तपासणी प्रशियात पसरत गेली. १८८१ मध्ये बर्लिनचा प्रचंड मोठा मध्यवर्ती गुरांचा बाजार आणि कत्तलखाना सुरू झाला. १९०० मध्ये अख्ख्या जर्मन साम्राज्यासाठी मांस तपासणीचा कायदा आला.

हळूहळू हेडर्सलेबनसारख्या बातम्या थांबल्या. पुढे ट्रायकिना जर्मनीत दुर्मीळ झाला. आजही युरोपात डुकराच्या मांसाची या जंतासाठी तपासणी होते. फक्त पद्धत बदलली. आता अनेक जनावरांचे नमुने एकत्र करून पोटातल्यासारख्या रसायनात विरघळवतात आणि खाली काही अळी उरते का ते बघतात.

एकच जंत नाही

फिरखोंनी इथेच हात झटकले नाहीत. बर्लिन तेव्हा घाणीसाठी बदनाम शहर होतं. सांडपाणी रस्त्याच्या कडेच्या उघड्या गटारांतून वाहायचं. अभियंता जेम्स होब्रेख्त यांच्या भुयारी गटार योजनेमागे फिरखो नगरपालिकेत ठाम उभे राहिले. १८७३ मध्ये काम सुरू झालं. शहराबाहेर नेलेलं मैलापाणी शेतांवर सोडण्यात आलं. १८७४ मध्ये फ्रीडरिशहाइन इथे शहराचं पहिलं नगरपालिका रुग्णालय सुरू झालं, त्यामागेही त्यांचा हात होता.

जनावरांकडून माणसांकडे येणाऱ्या आजारांना झुनोसिस हा शब्द रूढ करण्याचं श्रेयही त्यांनाच दिलं जातं. करोनानंतर हा शब्द आपण सगळ्यांनीच ऐकला. माणसांचा डॉक्टर आणि जनावरांचा डॉक्टर यांच्यात भिंत नको, असं ते म्हणायचे.

सायलेशियातून आलेली दृष्टी त्यांनी इतरत्रही सोडली नाही. जर्मनीतल्या लाखो शाळकरी मुलांच्या केसांचा, डोळ्यांचा आणि कातडीचा रंग नोंदवणारी एक मोठी पाहणी त्यांनी केली आणि शुद्ध जर्मन वंश ही कल्पनाच हवेतली असल्याचं आकड्यांनी दाखवलं.

पण हा माणूस देव नव्हता. बाळंतिणींना होणारा ताप डॉक्टरांच्या हातांमधून पसरतो असं सांगणाऱ्या सेमेलवाइस यांचं म्हणणं त्यांनी वेळेवर मानलं नाही. जंतूंमुळे आजार होतात या रॉबर्ट कॉख यांच्या मांडणीकडेही ते बराच काळ संशयाने बघत होते. निअँडरथल मानवाची कवटी समोर आली तेव्हा ती एखाद्या आजारी माणसाची असावी असं त्यांनी ठरवून टाकलं. आजार म्हणजे गरिबी आणि बिघडलेली पेशी, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की कधीकधी समोरचं दुसरं कारण दिसायचं नाही. मोठ्या माणसांच्या चुकाही मोठ्या असतात.

जानेवारी १९०२ मध्ये, वयाच्या ऐंशीत, बर्लिनमध्ये चालत्या ट्राममधून उतरताना ते पडले आणि मांडीचं हाड मोडलं. त्यातून ते सावरले नाहीत. ५ सप्टेंबर १९०२ रोजी त्यांचं निधन झालं.

आणि आपल्याकडे?

ट्रायकिना आपल्याकडे फारसा आढळत नाही. पण फिरखोंचा रस्ता तोडायचा मार्ग आपणही चाललो आहोत. घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल तर त्यांना नारू हा शब्द विचारून बघा.

नारूचा जंत पिण्याच्या पाण्यातून पोटात जायचा. पाण्यातल्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या सायक्लॉप्स नावाच्या किड्यात त्याची अळी असायची. वर्षभराने पायाला फोड यायचा आणि त्यातून जवळजवळ हातभर ते मीटरभर लांब जंत बाहेर यायचा. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर पाय सुजून पू व्हायचा. जळजळ थांबावी म्हणून माणूस पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवायचा आणि जंत पाण्यात हजारो अळ्या सोडायचा. पुढचा माणूस तेच पाणी प्यायचा.

नारूवर ना लस निघाली, ना जंत मारणारं औषध. महाराष्ट्र हे नारू असलेल्या सात राज्यांपैकी एक होतं. १९८३-८४ मध्ये देशभर निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून त्यांना कठडे घातले, हातपंप आणले, पाणी दुहेरी कापडातून गाळायला शिकवलं, विहिरीत सायक्लॉप्स मारणारं औषध टाकलं, रोगी शोधून देणाऱ्याला बक्षीस ठेवलं. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. आज शाळेतल्या पोरांना हा शब्दच माहीत नाही.

आता कोबीकडे येऊ. मेंदूत गाठी करणारा जंत खरा आहे. तो डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीचा, म्हणजे टेपवर्मचा प्रकार. पण तो कोबीत जन्मत नाही. कच्चं मांस खाऊन ज्याच्या आतड्यात पट्टकृमी झाला, त्या माणसाच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. उघड्यावरच्या शौचातून, मैलापाण्यातून, न धुतलेल्या हातांतून ती भाजीवर, पाण्यात, खाण्यात येतात. तशी अंडी पोटात गेली तर गाठी मेंदूपर्यंत जाऊ शकतात आणि फिट येऊ शकते. म्हणूनच आयुष्यभर मांसाला हात न लावलेल्या माणसालाही हा आजार होतो. दोष एकट्या कोबीचा नाही. कोथिंबीर, गाजर, मुळा, कच्ची खाल्ली जाणारी कुठलीही भाजी तितकीच धोक्याची किंवा तितकीच सुरक्षित.

म्हणजे कोबी टाकून द्यायची गरज नाही. ती पानं सुटी करून वाहत्या पाण्यात नीट धुवायची आणि शिजवून खायची. मांस आतपर्यंत शिजवायचं. शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवायचे. एवढं आपल्या हातात आहे.

उरलेलं आपल्या एकट्याच्या हातात नाही. प्रत्येक घराला शौचालय, ते वापरता येईल इतकं पाणी, गटाराचं पाणी भाजीच्या वाफ्यात जाणार नाही याची सोय, जनावरांच्या डॉक्टरने तपासलेलं मांस. हे सगळं ग्रामपंचायतीच्या आणि नगरपालिकेच्या ठरावांत, बजेटमध्ये आणि निवडणुकीत ठरतं. फिरखो ४० हून अधिक वर्षं नगरपालिकेच्या बैठकांना बसले ते याचसाठी.

पुढच्या वेळी कोबीचा मेसेज आला तर ग्रुपवर एवढं विचारा, आपल्या गावचं मैलापाणी जातं कुठे?